माझा गुडघा सोडून सगळं मोजलं

चार इयत्ता शिकून डोंगरावर जाऊन बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, एकही इयत्ता न शिकलेल्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे, कानातलं मशीन कानात घालतेस की डब्यात जपून ठेवतेस, आणि तुझे यजमान अजून जेवता जेवता बातम्या सांगणाऱ्याशी भांडतात का, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहायला सांगितलं. किती खुशाल आहोत ते पुढे वाच आणि तूच ठरव.

पत्र सूनबाई लिहिते आहे. मी सांगते आणि ती लिहिते. मी सांगितलं तेच लिहितेस ना, असं मी मधूनमधून विचारते आणि ती हो म्हणते. मला कागदावरचं एवढंच कळतं की ओळ लांब झाली की आखूड. मी पुष्कळ बोलले आणि ओळ आखूड आली की मी हटकते. (आत्ता हटकलं. तिने ओळ लांब केली.) तू म्हणशील फोन का नाही केला. तर फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि माझ्या खोलीची आणि गॅरेजची भिंत एकच. तिकडचं सगळं मला ऐकू येतं, तेव्हा इकडचं तिकडे जात असणारच. आणि मला जे सांगायचं आहे ते तिकडे जायला नको.

तर मुळापासून सांगते. तुझ्याकडचा रस्ता दरडीबरोबर खाली गेला आणि माझं तुझ्याकडे येणं बंद झालं. तेव्हा मी भाड्याच्या गाडीवाल्यांना विचारून पाहिलं होतं. एक जण म्हणाला, आजी, खालच्या वळणापर्यंत सोडतो, पुढचा चढ चालत जा. मी म्हटलं, बाबा, मला चढ चढता आला असता तर मी तुझ्या तोंडाला कशाला लागले असते. दुसऱ्याने एकदा आपल्या गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि दोघींपैकी कुणाचीच खात्री देता येत नाही असं तोंड केलं. तेव्हापासून तू वर आणि मी खाली. तुला खाली यायचं तर यजमानांना एकटं सोडवत नाही, मला वर यायचं तर गुडघे सोबत येत नाहीत. किती दिवस झाले ते मी मोजत नाही. पण आपल्या वयाला 'पुढच्या वर्षी बघू' हे शब्द परवडत नाहीत, एवढं तुला न सांगता कळतं.

त्याच सुमाराला तुझा भाचा नोकरी संपून घरी बसला. तुला ठाऊकच आहे, जन्मभर त्याने लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. कंपनीने जाताना भिंतीवरचं घड्याळ दिलं (ते मागे पडतं) आणि घरी पाठवला. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तुझाही बसलाच आहे. पण तुझा निदान बातम्यांशी भांडतो. हा कुणाशीच भांडेना. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा, आणि फ्रिजचं दार उघडून आत बघत उभा राहायचा. काय हवंय विचारलं की काही नाही म्हणून दार लावायचा. (सूनबाई म्हणते हे नको लिहायला. मी म्हटलं, तू लिही, नवरा तुझा असला तरी पत्र माझं आहे.) आणि मग एके सकाळी दात घासता घासता म्हणाला, आई, तुला मावशीकडे मी नेतो. मी म्हटलं, खांद्यावर का? म्हणाला, त्या रस्त्याला साधी गाडी कामाची नाही, चारही चाकं जोर लावतात असा ट्रक पाहिजे. मला वाटलं, चांगलं आहे, कुठून तरी दिवसभरासाठी मागून आणेल.

त्याने आणला तो कुठल्याशा धरणाच्या कामावर झिजून मग भंगारात पडलेला छोटा ट्रक. आणि तो आला कसा, तर दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून. ज्याच्यात बसून मी जायचं तो स्वतःच बसून आला, तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं. दारातून आत घेताना चार माणसं पुढे, चार मागे, आणि तुझा भाचा बाजूने 'सांभाळून, सांभाळून' करत चालला होता. आत आल्यावर त्याच्यावर नवी कोरी चादर घातली. माझ्या पलंगावर बघ, अजून उसवलेलीच आहे. त्या दिवशी मी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. येतात तेव्हा सगळे उठून उभे राहतात, जे मागतील ते मिळतं, काम काडीचं करत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला की घरात तोंडं फुगतात. (तुझा जावई सोडून. तो बिचारा निदान स्वतःच्या पायांनी येतो.)

आता दातवाल्याची ओळख करून देते, कारण अर्ध्या दुखण्याचं मूळ तो आहे. तुझ्या भाच्याचा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. माझी खालची कवळी त्याचीच. ती बसत नाही, त्यावरून तरी मी ओळखायला हवं होतं. हा माणूस दवाखान्यातून निघतो तो थेट आमच्या गॅरेजमध्ये, कपाळाला दिवा बांधूनच. जावईबापूंच्या पोटाखाली उताणा झोपतो, बारक्या हातोडीने लोखंडावर टकटक करतो, छोटा आरसा फिरवतो आणि आतून आवाज येतो, 'इथे कीड आहे रे. वरून दिसत नाही, पण आत पोकळ आहे. काढावं लागेल.' आणि काढतात. मग शेजारच्या पत्र्यावर टकटक. तोही पोकळ. तोही काढतात. जे जे त्याने वाजवलं ते ते निघालं. दवाखान्यात निदान पेशंट ओरडतो म्हणून कुठेतरी थांबावं लागतं. इथे ओरडणार कोण? महिनोन् महिने आमच्या गॅरेजमध्ये ट्रक कमी आणि त्याची हाडं जास्त होती. कार्बोरेटरची बारीक भोकं तो आपल्या दवाखान्यातल्या सुयांनी कोरतो. त्याच सुया मग माणसांच्या तोंडात जातात का, असं मी सरळ विचारलं. तो म्हणाला, 'काय काकू, काहीतरीच.' नाही म्हणाला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी तोंड मिटून बोलते.

आणि माझं स्वयंपाकघर. आधी मोठी परात गेली. तिच्यात गिअरची चाकं रॉकेलमध्ये भिजत पडलेली असतात. मग लाटणं गेलं, कसली तरी नळी त्याच्यावर गोल वाकवायची होती. चहाची गाळणी पेट्रोल गाळायला गेली. मिसळणाचा डबा गेला तेव्हा मात्र मी काठी टेकत गॅरेजपर्यंत गेले. बघते तर वाटीवाटीत वेगवेगळ्या जातीचे बोल्ट, वर छोटा चमचासुद्धा ठेवलेला. मी म्हटलं, अरे, घरात नवीन डबा आणायची सोय नाही का? तर म्हणाला, आई, याच्याइतके नीट खण कशालाच नाहीत. स्तुती केली बरं का माझी. मी काठी टेकत परत आले.

हे एवढं सगळं होऊनही, खोटं कशाला बोलू, जावईबापू एकदा उभे राहिले. हिरवा रंग, काचा स्वच्छ, दिवे गोल डोळ्यांसारखे, कारखान्यातून निघाले तेव्हा असतील तसे. मला हात धरून दाखवायला नेलं. मी म्हटलं, छान झालं, चला, मी पिशवी भरते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तुझा भाचा म्हणाला, 'आई, हा फक्त मूळचा झाला. मावशीच्या रस्त्याला मूळचा पुरत नाही.' मी म्हटलं, बऱ्या झालेल्या माणसाचं पुन्हा ऑपरेशन कशाला? तर दातवाला म्हणतो, 'काकू, तब्येत सुधारली, आता ताकद आणायची.'

मग ताकद आणायला निघाले. आधी मोठी टायरं आणली. ती इतकी मोठी की वळताना पत्र्याला घासायला लागली. म्हणून ट्रक वर उचलला, स्प्रिंगांना जाड पाटे घातले. ट्रक वर गेला तर खालचा शाफ्ट पुरेना. म्हणून शाफ्ट लांब करून आणला. शाफ्ट लांब झाला तर ब्रेकच्या नळ्या ताणल्या. नळ्या बदलल्या तर म्हणे टायरं आता लहान दिसतात. दिसतात! मग त्याहून मोठी टायरं, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला शेवटचं एकच काम उरलेलं असतं. 'आई, आता फक्त' असं म्हणत हा जेवायला येतो आणि 'आता फक्त' म्हणत उठतो. तुला फोनवर मी दर वेळी सांगायची ना, येतेच गं, आता फक्त. ते माझे शब्द नव्हते, त्याचे होते.

शेवटी एका सकाळी आला, हातपाय धुतलेला, नवा सदरा घातलेला, आणि म्हणाला, आई, चल, आधी एक चक्कर मारू, मग मावशीकडची तारीख ठरवू. मी ठेवणीतले कपडे घातले. सूनबाईने केस नीट केले. दातवाल्याने दार उघडून धरलं, जसं मोठ्या हॉटेलात धरतात. आणि मी जाऊन उभी राहिले. जावईबापूंची पायरी माझ्या कमरेला. सीट माझ्या डोक्याच्या वर. आतलं मला काही दिसेना, फक्त स्टीअरिंगची वरची कड दिसत होती, डोंगरामागून चंद्र निघावा तशी.

या दोघांनी खड्ड्यांची खोली मोजली होती, दगडांची उंची मोजली होती, तुझ्या यजमानांना फोन करून ओढ्यात काठी बुडवून पाणी किती ते मोजून घेतलं होतं. माझा गुडघा सोडून सगळं मोजलं होतं. आणि ज्याच्यासाठी म्हणून हे सगळं चाललं होतं तो गुडघा तिथे उभा होता. दातवाला खाली बसला, माझ्या गुडघ्याकडे त्याने कपाळावरचा दिवा वळवला (दिवसाढवळ्या) आणि म्हणाला, 'काकू, हा वाकतो किती?' मी म्हटलं, नमस्कार करण्यापुरता, आणि तोही समोरचा माणूस बघून. तुझा भाचा नुसता पायरीकडे बघत होता, मग माझ्या पायाकडे, मग पुन्हा पायरीकडे. जन्मभर लोकांना वरखाली नेणारा माणूस, त्याला आई एक पायरी वर नेता येईना. मला त्याची दया आली असती, पण माझे ठेवणीतले कपडे चुरगळत होते. मी म्हटलं, उतरवा की त्याला थोडा खाली. दोघांनी असं बघितलं की जणू मी घरातल्या कुणाचे तरी पाय कापायला सांगितलं. सूनबाई काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा आवाज मात्र गॅरेजभर झाला.

समोरच्या हेडमास्तरांकडून शिडी आणली. गॅरेजच्या जमिनीवर इतकं ऑईल की मी पाय ठेवायच्या आधीच शिडी निघून गेली. मग तुझ्या भाच्याला जुना धंदा आठवला. म्हणाला, 'आई, काळजी करू नकोस. लिफ्टमध्ये माणूस वर जातो तो जोराने ओढून नाही, पलीकडे तेवढंच वजन लटकत असतं म्हणून. बोटाने ढकललं तरी अलगद जातो.' छताला तुळई, तुळईला कप्पी, कप्पीवरून दोर. दोराच्या या टोकाला जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची, त्या टोकाला कुठल्या तरी मेलेल्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स, मोजूनमापून. मला विचारलं, वजन किती? मी सूनबाईला सांगते ते सांगितलं.

इथे तुला एक समजावून द्यायला हवं. माझं वजन जरा खाली गेलं की सूनबाई दुधात घालून ती पिवळी पावडर प्यायला लावते, जिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी आहे. म्हणून काट्यावर चढताना मी शालीच्या आत खलबत्त्यातला बत्ता धरते. (सूनबाईने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघते आहे. लिही गं, आता झालं ते झालं. तिने उचललं.) तर बत्ता धरून जे वजन येतं ते मी सांगितलं, आणि या शहाण्याने तेवढं वजन पलीकडे टांगलं. मला खुर्चीत पट्ट्याने बांधलं. दोर धरायचा होता दातवाल्याने. हाताला ग्रीस लागू नये म्हणून त्याने दवाखान्यातले रबरी मोजे घातले होते. त्याने 'तयार?' विचारलं, आणि दोर मोज्यांसकट हातातून गेला.

अलगद जातो म्हणाला होता ते खरं होतं. मी अलगद सीटच्या उंचीला आले, अलगद सीट सोडून पुढे गेले आणि अलगद छताला जाऊन लागले. गिअरबॉक्स खाली जमिनीवर टेकला आणि मी वर कोळ्यांच्या जाळ्यांत. वरून गॅरेज फार वेगळं दिसतं. जावईबापूंच्या टपावर माझी गाळणी होती. आणि कपाटाच्या माथ्यावर ट्रकच्या सामानाची नवी कोरी खोकी एकावर एक रचलेली, सूनबाईच्या नजरेला पडू नयेत म्हणून तितक्या वर ठेवलेली. मी काही बोलले नाही. आईला मुलाचं काही पोटात ठेवावं लागतं. (डावीकडच्या कपाटावर, सूनबाई. मागच्या बाजूला.)

आणि तुझा भाचा खाली उभा राहून काय करत होता सांगू? लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला आधी धीर द्यायचा, असं त्यांना कंपनीत शिकवलेलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. 'घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. कृपया दार ढकलू नका. थोड्याच वेळात आपल्याला बाहेर काढण्यात येईल.' स्वतःच्या आईला 'आपण' म्हणतो. मी म्हटलं, दार कुठे आहे ते सांग, मग ढकलायचं की नाही ते मी बघते. तेवढ्यात हेडमास्तर शिडी परत न्यायला आले. मान वर करून म्हणाले, 'बऱ्या आहात ना?' मी म्हटलं, 'बरी आहे. तुमचं टक्कल वरून फार स्वच्छ दिसतं.' ते शिडी न घेताच गेले.

गिअरबॉक्स अखंड, त्याच्यातून थोडं थोडं काढता येईना. एकदम सोडला तर मी धाडकन येणार. म्हणून ठरलं की माझ्याच बाजूला हळूहळू वजन घालायचं. दातवाला टपावर चढला आणि बाजाराची पिशवी भरावी तसा एकेक पाना माझ्या मांडीत ठेवायला लागला. पाना ठेवला की मी जराशी खाली. मग पक्कड. मग हातोडा. मग कसलासा लोखंडी गोळा, काळाकुट्ट, ठेवणीतल्या कपड्यांवर. खालून तुझा भाचा सांगतो, 'अजून एक बारका, डाव्या मांडीत, नाहीतर तोल जाईल.' अशी मी हत्यारांसकट सीटसमोर येऊन थांबले आणि तिघांनी मिळून मला आत सरकवलं, फडताळात बरणी सरकवावी तशी.

बरं, आत बसल्यावर जावईबापू चालू झाले. हे मला अपेक्षित नव्हतं. गॅरेजमधून बाहेर पडलो, आणि बाई, तुला काय सांगू, त्या उंचीवरून सगळी गल्ली उघडी पडते. कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, कुणाच्या वरच्या मजल्यावर दुपारपर्यंत कोण लोळतं, शिंपीणबाईने भिंतीमागे कुणाचं शिवायला घेतलेलं कापड कोंबून ठेवलंय, सगळं. लोक मान वर करून बघत होते आणि मी मान खाली करून. चौकातल्या उंचवट्यावरून गेलो ते कळलंसुद्धा नाही. तुझ्या भाच्याने मुद्दाम परत वळवून पुन्हा त्याच्यावरून नेलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मांडीतली हत्यारं सांभाळत होते. पण मागच्या सीटवरून दातवाला म्हणाला, 'काय रे, रडतोस काय?' तर हा म्हणाला, धूर गेला डोळ्यात. काचा बंद होत्या.

आणि मग पुढच्या सरळ, सपाट, कोरड्या, रोज झाडलेल्या रस्त्यावर जावईबापू थांबले. का, ते दोघांनाही कळेना. खड्डा नाही, चढ नाही, काही नाही. मला वाटतं सपाट रस्ता त्यांना मानवत नाही. भाजीवाला, इस्त्रीवाला आणि दोन अनोळखी माणसं अशांनी मिळून ढकलत घरापर्यंत आणला. मी वरून हात हलवत होते, दुसरं काय करणार. घरी आल्यावर प्रश्न, आता हिला उतरवायची कशी. पुन्हा त्या खुर्चीत बांधून मांडीतले पाने काढले तर मी पुन्हा छताला. सूनबाई दारातून म्हणाली, 'हेडमास्तरांच्या कट्ट्याला लावा.' लावला. दार उघडलं. मी पाऊल टाकलं आणि कट्ट्यावर उभी, जशी लिफ्टमधून मजल्यावर. मग सूनबाई म्हणाली, ट्रक वर उचलला त्याच दिवशी हेच सांगितलं होतं. खरं आहे, सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तर असा सगळा वैताग आहे. सपाट रस्त्याचं दुखणं सापडलं म्हणतात, आता फक्त एक नळी बदलायची आहे. पंधरवड्यात आम्ही निघतो. तू वाटेकडे डोळे लावून बसू नकोस, कमरेला त्रास होईल. यजमानांना आशीर्वाद, नातीला गोड पापा, तुझ्या जावयाला नमस्कार, आणि त्याच्या नावाचा मी उपयोग केला ते त्याला वाचून दाखवू नकोस.

तुझी, सध्या जमिनीवर असलेली,
थोरली

ता. क. तुझ्या घरापुढच्या कट्ट्याची उंची मोजून कळव. जमिनीपासून तुझ्या छातीपर्यंत असली तर उत्तम. कमी असली तर त्याच्यावर विटांचा एक थर चढवून घे. उतरायची सोय नसली तर मी तुझ्याशी वरूनच गप्पा मारून परत येईन.

दुसरा ता. क. आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. सूनबाईला दार लावायला सांगितलं आहे आणि तिच्याकडून वचन घेतलं आहे. तुझी नात परवा फोनवर मला बोलून गेली की तुमचा रस्ता नवा झाला, डांबरी, गुळगुळीत, आणि बस थेट फाटकाशी थांबते. आनंद झाला असं म्हणायला हवं. मी फोन ठेवला आणि मनात हिशोब मांडला. उद्या सकाळी बसमध्ये बसले तर जेवायला मी तुझ्याकडे. पण मग मी तुझ्याकडे पोचते आणि हा इथे राहतो, एवढा उंच ट्रक घेऊन, ज्याला आता जायला कुठे उरलं नाही. तेव्हा एवढं कर. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी फाटकापुढच्या तुकड्यावर चार घमेली माती टाक आणि पाण्याची नळी सोडून ठेव. थोडे दगडही टाक, दिसायला मोठे पण हलणारे. कुणी विचारलं तर पाइप फुटला म्हण. यजमानांना सांग, फोनवर रस्त्याचं कौतुक करायचं नाही. वाटेत बाकीचा रस्ता गुळगुळीत लागला तर मी म्हणेन, बघ, तुझी गाडी चांगली म्हणून खड्डे जाणवत नाहीत. तो मानेल. आणि मी उतरले की तू मोठ्याने म्हण, 'बाई गं, असल्या रस्त्याने आलीस तरी कशी?' दोनदा म्हण. तो ऐकेल अशा बेताने.

तिसरा ता. क. मावशी, सादर नमस्कार. हे मी, सूनबाई, माझ्या मनाने लिहिते आहे. सासूबाईंना जरा डोळा लागला आहे आणि ओळी लांब दिसल्या तर त्यांना आवडतंच. रस्ता नवा झाल्याचं ह्यांना केव्हाचं माहीत आहे. डॉक्टरांच्या स्कूटरवरून दोघे बघून आले. तुम्हाला दिसू नये म्हणून खालच्या वळणावरूनच परतले. घरी आल्यावर मला म्हणाले, आईला कळू देऊ नकोस, कळलं तर ती बसने जाईल. आणि तुमच्या यजमानांना त्यांनी फोन करून ठेवला आहे की आम्ही यायच्या आदल्या दिवशी फाटकापुढे माती टाकून पाणी सोडायचं, आणि मावशींना कळू द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही एकीकडून आणि काका दुसरीकडून असे दोन चिखल तयार होतील. कृपा करून दोघांनी एकमेकांना सांगा आणि एकच चिखल करा. तोही वरवरचा, घोट्याइतका. ही गाडी अजून कधी चिखलात घातलेली नाही, डॉक्टरांच्या खांद्यात उसण भरली आहे, आणि ढकलायला मी एकटीच असणार आहे.